रावसाहेबांची वाट

कुत्र्याला दिसतं की नाही, हे कुत्र्याला विचारता येत नाही. म्हणून त्याला चालवून पाहावं लागतं. गेली अकरा वर्षं माझं काम तेवढंच आहे: कुत्री चालवायची आणि ती कशाकशावर आपटली ते लिहून ठेवायचं. बहीण काय करते असं कोणी विचारलं की दादा सांगायचा, "कुत्री फिरवते. पगारी." हसायची सगळी. मीही हसायचे, कारण ते खोटं नव्हतं.

आमच्या प्राणीगृहात अठरा कुत्री होती. सगळी एकाच वंशातली, जन्मापासून एकच दोष असलेली. डोळ्याच्या मागच्या पडद्याला उजेड पकडण्यासाठी एक द्रव्य लागतं. ते बनवायची कृती त्यांच्या पेशींत चुकीची लिहिलेली होती. आई आणि बाप दोघांकडूनही चुकीची प्रत आली तरच हा आजार होतो. एक जरी धड असली तरी भागतं. माणसांतही तो असतो, पण इतका दुर्मीळ की बहुतेक डोळ्यांच्या डॉक्टरांना उभ्या आयुष्यात असा एकही रोगी भेटत नाही. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग उजेडातलं. आम्ही बारा कुत्र्यांच्या पडद्याखाली बारीक सुईने धड प्रत पोचवली होती. सहांना काहीच दिलं नव्हतं, तुलनेसाठी.

चाचणीची खोली सहा पावलं रुंद आणि वीस पावलं लांब. पांढऱ्या भिंती, दोन टोकांना दोन दारं, छताला कॅमेरा. मध्ये आठ काळ्या फळ्या उभ्या करायच्या, एका दारातून कुत्रा सोडायचा आणि तो दुसऱ्या दाराशी कसा पोचतो ते पाहायचं. फळ्यांची मांडणी रोज बदलावी लागते, नाहीतर कुत्री ती पाठ करतात. कुत्रं आंधळं असलं म्हणून मठ्ठ नसतं. तीस मांडण्यांच्या तीस चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या. रोज सकाळी मामा त्यातली एक काढायचे, मोठ्याने आकडा वाचायचे आणि त्याप्रमाणे फळ्या लावायचे.

मामा म्हणजे प्राणीगृहाचे राखणदार. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गुडघे कुरकुरणारे. कुत्र्यांना नावं ठेवू नयेत, नंबरानेच ओळखावं, असा नियम आहे. मामांनी अठराच्या अठरांना नावं ठेवली होती. चौदा नंबर म्हणजे रावसाहेब.

रावसाहेब उपचार न दिलेल्यांतला. रंगाने मातकट, आणि चालायचा असा की मागेपुढे चार माणसं सलाम करत उभी आहेत. बाकीची आंधळी कुत्री चाचपडतात, पावलं उंच उचलून टाकतात, वास घेत थांबतात. हा थांबायचाच नाही. झपाझप निघायचा, मोकळ्या जागेत एकदम उजवीकडे वळायचा, पुन्हा डावीकडे, आणि मग सरळ जाऊन फळीवर आदळायचा. आठांपैकी पाच फळ्या तो रोज पाडायचा. मी माझ्या वहीत लिहिलं होतं: "दृष्टी शून्य. रुबाब भरपूर."

हे सगळं मी एरवी मजेत सांगितलं असतं. पण तेव्हा घरात माझी मजा कोणालाच नको होती.

दादाची मुलगी नऊ वर्षांची. लहानपणी घरभर गरगर फिरायची, म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती माझ्या पुढून जिना उतरत होती. दिवे लागायचे होते. मी तिची पावलं पाहिली. ती पावलं उंच उचलून टाकत होती. माझी कुत्री टाकतात तशी.

तपासणी मीच करवली. ज्या आजाराच्या कुत्र्यांना मी इतकी वर्षं चालवत होते, तोच आमच्या घरात निघाला. एक चुकीची प्रत दादाकडे, एक वहिनीकडे. दोघांना चष्मासुद्धा नाही. दादाने कागद वाचून त्याची घडी घातली आणि मला म्हणाला, "तू पाहिलं नसतंस तर?"

पुढे माणसांवरचे प्रयोग सुरू झाले तेव्हा भिंगरीचं नाव मीच घातलं. दादा तयार नव्हता. तेव्हा तिला दिवसा थोडं दिसत होतं. माणूस ओळखायला ती त्याची हनुवटी धरायची आणि चेहरा अगदी आपल्या नाकापर्यंत ओढून आणायची. त्यातही ती हसायची. "आत्या, तू आज कांदा खाल्लास," म्हणायची.

"आहे तेवढंही गेलं तर?" दादा म्हणाला.

"काहीच केलं नाही तर ते जाणारच आहे," मी म्हणाले. "माझ्या बारा कुत्र्यांपैकी अकरा नीट चालतात."

"आणि बारावं?"

मी संमतीचा कागद पुढे सरकवला. वहिनीने सही केली, मग दादाने केली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यात तो डोळा सुजला, आणि होतं तेवढंही तिला दिसेनासं झालं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, म्हणाल्या की सूज उतरेल, धीर धरा. औषधाने सूज उतरली. पण काही दिसतंय का विचारलं की भिंगरी नुसती मान हलवायची, आणि ती हो म्हणून हलवतेय की नाही म्हणून, ते कळायचं नाही. पाच आठवड्यांनी, एका सोमवारी, तिची चालण्याची चाचणी ठरली. त्यात ती पास झाली तर दुसरा डोळा करायचा. नाही झाली तर तिथेच थांबायचं. दादाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी घरी गेले की तो बाल्कनीत जायचा.

त्या पाच आठवड्यांतल्या तिसऱ्यात मी एक चूक केली.

कॅमेऱ्याच्या चित्रावरून मी कुत्र्याचा माग एका पारदर्शक कागदावर काढते. मग तो कागद त्या दिवसाच्या मांडणीच्या नकाशावर ठेवायचा, की रेघ कुठे फळीला भिडली ते दिसतं. काम डोकं न लागणारं आहे, आणि माझं डोकं तेव्हा जागेवर नव्हतंच. रावसाहेबांचा मंगळवारचा माग मी बुधवारच्या नकाशावर ठेवला.

रेघ एकाही फळीला शिवली नाही.

सुईत दोरा ओवावा तशी ती आठही फळ्यांमधून गेली होती. जिथे फळी, तिथे वळण. मला वाटलं, तारखाच उलट्या पडल्या असतील. चित्रफीत पुन्हा लावली. मंगळवारच होता. त्या खोलीत मंगळवारच्या फळ्या होत्या, आणि रावसाहेब त्यांच्यावर धडाधडा आपटत होते.

मग मी सोमवारचा माग मंगळवारवर ठेवला. बुधवारचा गुरुवारवर. त्या दिवशी मी चहा घेतला नाही. चोवीस दिवसांचे कागद होते, म्हणजे तेवीस जोड्या. तेविसाच्या तेवीस दिवशी रावसाहेबांची वाट दुसऱ्या दिवशीच्या फळ्यांमधून बिनचूक गेली होती. आणि दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सकाळी निघते.

कोणी भूत म्हटलं की त्याची उंची आणि वजन विचारायची मला सवय आहे. मी आधी मामांवर संशय घेतला. चिठ्ठ्या ठरवून काढत असतील, कुत्र्याला शिकवत असतील. डबा माझ्या ताब्यात घेतला. चार दिवस सकाळी फासे टाकून मांडणी मी ठरवली, फळ्या मी लावल्या, कुणाला सांगितलं नाही. चारही दिवस आदल्या दिवशीचा माग त्या मांडणीवर बसला.

पाचव्या दिवशी मामांनी माझ्याकडे डबा परत मागितला.

"मामा, चौदा नंबर कसा चालतो हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कसा म्हणजे?"

"वेगळा वाटतो का?"

मामा पाण्याची भांडी विसळत होते. वर न बघता म्हणाले, "परवा बोळातून नेत होतो. मध्येच बाजूला झाला. तिथं काही नव्हतं. काल खाण्याची पोती आली, ती तिथंच उतरवली." मग त्यांनी भांडं पालथं घातलं. "तीन वर्षं बघतोय मी मॅडम. आंधळ्याच्या गायी देव राखतो, म्हणतात. आपण कशाला मध्ये पडा?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वहीत लिहिलं असतं."

मी वहीत लिहिलं नाही. मोठ्या बाईंना सांगितलं नाही. काय सांगणार होते? की या कुत्र्याला आजचं दिसत नाही, उद्याचं दिसतं? मला त्यांनी रजा घ्यायला लावली असती, आणि भिंगरीच्या चाचणीच्या वेळी मी घरी बसले असते. मी नेहमीसारखी आपटण्याची संख्या लिहीत राहिले. ती संख्या खरीच होती.

पण सोमवार जवळ आला तसा, रावसाहेबांकडून तो दिवस आधीच पाहून घ्यावा हा विचार माझ्या डोक्यातून हलेना.

मुलांची चाचणी अंगणापलीकडच्या दवाखान्याच्या इमारतीत होते. तिथला हॉल आमच्या खोलीपेक्षा मोठा. जमिनीवर बाणांचे चौकोन टाकतात, बाणांप्रमाणे चालायचं, वाटेतले स्पंजाचे ठोकळे चुकवायचे, शेवटच्या कोपऱ्यातल्या दाराशी पोचायचं. मांडणी बंद पाकिटात असते आणि परिचारिका ती चाचणीच्या सकाळी उघडते. मुलांच्या चित्रफितीही मीच तपासते, त्यामुळे हॉलची किल्ली माझ्याकडे होती. भिंगरीची तपासायला अर्थात मला मनाई होती. सोमवारी त्या हॉलमध्ये फक्त तिचीच चाचणी होती.

रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो. मी प्राणीगृहात गेले आणि रावसाहेबांच्या गळ्यात पट्टा घातला. मामा दारात उभे होते. कुत्रा इमारतीबाहेर काढायला मोठ्या बाईंची सही लागते. मामांनी माझ्या हाताकडे पाहिलं, हातात पट्टा होता, कागद नव्हता, आणि ते बाजूला झाले.

"लवकर आणा," एवढंच म्हणाले.

हॉल रिकामा होता. चौकोन नाहीत, ठोकळे नाहीत, धुतलेली राखाडी फरशी. कॅमेरा बंद. खिडक्यांतून भरपूर ऊन येत होतं. मी पट्टा सोडला आणि भिंतीला लागून चालत पलीकडच्या कोपऱ्यात, शेवटच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. हातात कागद आणि पेन्सिल.

रावसाहेब निघाले.

चार पावलं सरळ, उजवीकडे. दोन पावलं, डावीकडे. एका जागी त्यांनी पुढचा पाय उचलून पलीकडे टाकला, उंबरा ओलांडावा तसा. मी प्रत्येक वळण कागदावर घेत होते.

मग ते कोपऱ्यात आले. माझ्यापासून दोन हातांवर थांबले आणि खाली बसले.

कान मागे गेले. शेपूट फरशी झाडू लागली. डोळे मिटले. कोणीतरी डोक्यावरून हात फिरवत असावं तसे ते मान वळवून देत होते. तिथे कोणी नव्हतं.

मग त्यांची हनुवटी वर उचलली गेली.

कुत्रा स्वतःहून मान वर करतो तेव्हा मानेचे स्नायू ताणलेले दिसतात. हे तसं नव्हतं. हनुवटीचं वजन कोणाच्या तरी तळव्यावर होतं. तो तळवा मला माहीत होता.

मी वाट पाहत राहिले. आता भिंगरी त्यांचा चेहरा ओढून घेईल, नाकापर्यंत. ती ओढतेच.

तिने ओढला नाही.

रावसाहेबांचा चेहरा होता तिथेच राहिला. हातभर अंतरावर. बराच वेळ. कोणीतरी त्यांना लांबूनच निरखून पाहत होतं, कारण आता जवळ ओढायची गरज उरली नव्हती.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. दोन वर्षं अडवून धरलेलं सगळं एकदम आलं. रावसाहेबांच्या गळ्यात हात टाकून मी हमसाहमशी रडत होते, आणि ते माझं तोंड चाटत होते. इतकं हलकं मला ऑपरेशनच्या आधीपासून वाटलं नव्हतं. मग मी डोळे पुसले, जंतुनाशकाने फरशी पुसली, कुत्रा परत नेला. माझ्या तोंडाकडे पाहून मामांनी चहा टाकला.

सोमवारी दहा वाजता आम्ही हॉलच्या काचेमागे उभे होतो. मोठ्या बाई, वहिनी, दादा आणि मी. दादा माझ्यापासून सगळ्यात लांब. परिचारिकेने पाकीट फोडलं आणि चौकोन मांडायला सुरुवात केली. माझ्या कोटाच्या खिशात कालचा कागद होता. चार चौकोन सरळ, उजवीकडे. दोन, डावीकडे. मी कागद बाहेर काढला नाही.

दिवे अगदी मंद केले. भिंगरीचा उजवा डोळा पट्टीने झाकला. तिने आधी हात पुढे केला, सवयीने. मग तो हात खाली घेतला.

ती चालू लागली.

वहिनीने माझं मनगट पकडलं. उजवीकडे. डावीकडे. पुढे एक बुटका ठोकळा होता. भिंगरीने तो पाहिला, पाय उचलला आणि पलीकडे टाकला. एकही स्पर्श नाही. मोठ्या बाई आकडे पुटपुटत होत्या आणि त्यांचा आवाज चढत चालला होता.

ती दाराशी पोचली. आणि तिथे वाकली.

तिने हवेत हात फिरवला, वरून खाली, दोनतीनदा. मग तळवा उताणा करून काहीतरी वर उचललं आणि मान तिरकी करून त्याच्याकडे पाहत राहिली. हातभर अंतरावरून.

"नाटकी आहे हो पोरगी," मोठ्या बाई हसत म्हणाल्या. "सलाम करतेय आपल्याला! दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्या. याच महिन्यात करू."

वहिनी रडत होती आणि हसत होती. दादा काचेला कपाळ टेकून उभा होता. थोड्या वेळाने तो माझ्याजवळ आला. त्याने माझ्या पाठीत एक धपका घातला, लहानपणी घालायचा तसा.

"कुत्री फिरवणारी," तो म्हणाला.

"पगारी," मी म्हणाले.

आम्ही दोघं तिथे गळ्यात पडून उभे राहिलो. मला वाटलं, आता बाकी काही समजलं नाही तरी चालेल. रावसाहेबांना काय दिसतं आणि का दिसतं, ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. आमची पोर बघतेय. देवाने, विज्ञानाने, त्या मातकट कुत्र्याने, ज्याने कोणी दिलं त्याचे उपकार.

सगळे कागदांवर सह्या करायला गेले. मी हॉलमध्ये जाऊन भिंगरीची पट्टी सोडली. दिवे आता पूर्ण लावले होते. ती डोळे बारीक करून सगळीकडे पाहत होती: छत, खिडक्या, माझी बटणं. माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "आत्या, तुझे केस पांढरे झालेत." मी म्हटलं, तुझ्याच काळजीने. ती खुदकन हसली.

मग तिची नजर माझ्या मागे गेली, शेवटच्या कोपऱ्यात. हसू हळूहळू ओसरलं.

"आत्या, तू इथे आहेस ना?"

"इथेच आहे की."

"मग तिथे खाली बसून कुत्र्याला धरून रडतेय, ती कोण?"

मी पट्टीची गुंडाळी करत राहिले.

"तुझ्यासारखीच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. तिकडे बसलेलीला ऐकू जाऊ नये म्हणून बोलावं, तशी. "निळ्या सदऱ्यातली."

आज माझ्या अंगावर पांढरा कोट होता आणि आत पिवळा सदरा. निळा कालचा. तो घरी दोरीवर वाळत होता.

मी मागे वळले नाही. भिंगरीचा हात धरला आणि आम्ही बाहेर निघालो. बाहेर जायचं दार त्याच कोपऱ्यात होतं. तिथे पोचल्यावर ती माझा हात न सोडता जरा बाजूने गेली, बसलेल्या माणसाला पाय लागू नये म्हणून जातो तशी.

मीही बाजूनेच गेले.